सनैयाचा दुभाष्या

सोगारथ मंडलच्या कानात शिवी शिरली की तोंडातून आशीर्वाद होऊन बाहेर पडते, असं सनैयाच्या, म्हणजे आखाती शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, कॅम्पात सगळे म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं.

पहाटे बसगाड्या लागल्या की मुदीर, म्हणजे मॅनेजर, वजीह फाटकाशी उभा राहून ओरडायचा, "त्या गाढवांना सांग, पाय उचला, नाहीतर एकेकाची चामडी लोळवीन!" सोगारथ मागं वळायचा आणि मैथिलीत सांगायचा, "मुदीर म्हणतायत, चटाचटा चढा रे बाबांनो, उन्हाच्या आत पोचलेलं बरं." रांगेतून जोगिंदर ओरडायचा. कॅम्पात सगळ्यांत तिखट जीभ त्याची. "त्याला म्हणावं, तुझ्या बापाला आण पाटी उचलायला!"

"काय म्हणाला तो?" वजीह विचारायचा.

"अल्ला तुमच्या वडिलांना उदंड आयुष्य देवो, म्हणतोय."

वजीहचे वडील कैरोत कधीचेच मातीआड झाले होते. तो जरा गोंधळायचा, पण 'आमीन' म्हणून टाकायचा. ज्यांना तेवढी अरबी कळायची ते बसमध्ये शिरून पोट धरून हसायचे.

सोगारथ अरबी कुठल्या शाळेत शिकला नव्हता. नेपाळच्या धनुषा जिल्ह्यातल्या, कमला नदीकाठच्या गावातून मिसरूड फुटताच तो आखातात आला. इमारतीवरचं काम म्हणून आणलं आणि सोडलं वाळवंटात, बकऱ्यांमागं. तिथं बोलायला एकटा म्हातारा बू-राशिद, आणि तोही बोलायचा ते बकऱ्यांशीच. ते ऐकून ऐकून सोगारथची जीभ वळली. त्यामुळं त्याची अरबी जुन्या माणसांची, तंबूतली होती. पुढं तो या कंपनीत गवंडी म्हणून लागला, आणि एकदा अर्बाब साइटवर आलेला असताना त्याच्याशी दोन शब्द बोलला. अर्बाब म्हणजे मालक. कॅम्पातल्या प्रत्येकाचा व्हिसा त्याच्या नावावर. त्याला सोगारथची बोली ऐकून आपले आजोबा आठवले. खूश होऊन त्यानं त्याला दुभाष्या करून टाकलं. हातातली थापी गेली, डोक्यावर पांढरं हेल्मेट आलं, खोलीत एसीखालचा पलंग मिळाला.

हे काम आपल्याला नेमकं कळलंय, असं सोगारथला वाटायचं. चुलीवरचं पातेलं कोणी उघड्या हातानं दुसऱ्याच्या हातात देतं का? फडक्यात धरूनच द्यायचं. मुदीरचा राग आणि पोरांचा राग, दोन्ही तो असेच फडक्यात धरून द्यायचा. बाकीच्या कॅम्पांत मारामाऱ्या झाल्या, पोलीस आले, लोकांना हाकलून दिलं. त्याच्या कॅम्पात तसं कधी झालं नव्हतं. हे आपल्यामुळं, असं तो कोणाला बोलून दाखवत नसे. पण मनात होतं.

बेचन खतवे त्याच्या शेजारच्या गावचा. कालव्याच्या अलीकडं सोगारथचं गाव, पलीकडं बेचनचं. नुकतं लग्न झालेला, दांडगा, कबड्डीत एका दमात अर्धं मैदान फिरून येणारा. बायकोला फोन लावला की बोलायचं सोडून शीळच घालत बसायचा. कंपनीनं दिलेल्या खुबूस रोटीत घरून आणलेल्या लोणच्याची फोड दडवून खायचा, आणि मागायला कोणी आलं तर दुसरी फोड काढून द्यायचा.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घ्यायचं नाही, असा सरकारचा कायदा होता. कंपनी तो पाळायची. दुपार झाली की सगळ्यांना उघड्या गच्चीवरून खाली आणायची आणि काचा बसवलेल्या मजल्यांवर घालायची. तिथं वारा नाही, पंखा नाही, चारी बाजूंनी काच. तिथं चढताना मोफज्जल हमखास म्हणायचा, "चला, भाकरी तव्यावर पडायला निघाली." मोफज्जल बांगलादेशी, पूर्वी मशिदीत झाडलोट करायचा, आता इथं साइटवर आणि आठवड्यातून एक-दोनदा ऑफिसात चहापाण्याला असायचा.

त्या दिवशी दुपारी बेचन सोगारथजवळ आला. चेहरा लाल, पण घाम नव्हता.

"काका, डोकं फुटतंय बघ. पायांत गोळे येतायत. डोळ्यांपुढं अंधारी येते. मुदीरला सांग, मला आज खाली पाठव."

वजीह फोनवर होता, कोणावर तरी खेकसत होता. सोगारथनं त्याचा रागरंग पाहिला. अशा वेळी अंधारी-बिंधारी म्हटलं तर हा माणूस 'नाटकं' म्हणून पोराचा अख्खा दिवस कापील, वर नाव लक्षात ठेवील. म्हणून तो म्हणाला, "हा पोरगा जरा थकलाय, साहेब. थोडं बसू दे का त्याला?"

"थकलाय? रात्री काय नाचत होता? सगळेच थकलेत. कामाला लाव."

सोगारथ बेचनकडं वळला. "थोडं धर म्हणतायत, बाबा. संध्याकाळी लवकर सोडतील." लवकर सोडण्याचं वजीह काही बोललाच नव्हता. सोगारथनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं. बेचननं ते डोक्यावर ओतलं, हसला, आणि पाटी उचलली.

संध्याकाळी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जोगिंदर त्याला उठवायला गेला, तर अंग गार पडलं होतं. जोगिंदर त्याचा मेहुणा; बेचनची बायको त्याची धाकटी बहीण. त्यानं एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारलीच नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं. नैसर्गिक. पंचविशीतल्या माणसाचं हृदय नैसर्गिकपणे कसं थांबतं, हे कोणी विचारलं नाही. सनैयात अशी बरीच हृदयं उन्हाळ्यातच थांबायची.

बेचनला इस्पितळाच्या शीतघरात ठेवलं. एरवी कंपनी असलं काम पटकन उरकायची, कारण मेलेल्या माणसाची जबाबदारी तिला जड व्हायची. या वेळी मात्र दिवस जायला लागले. जोगिंदर रोज विचारायचा, सोगारथ रोज ऑफिसात जायचा आणि वजीह रोज म्हणायचा, "होईल."

गावाकडून बेचनचा बाप, बिल्टू खतवे, सोगारथलाच फोन करायचा. जोगिंदरला कसा करणार? जोगिंदर फोनवर नुसता रडायचा.

"सोगारथ बाबू, पोराला कधी पाठवताय?"

"निघेलच, भाऊ. विमानात जागा मिळायची खोटी आहे."

"घरात चूल नाही पेटवली. शेजारपाजारचे आणून देतात. सून ना कुंकू पुसते ना लावते, तशीच बसलीय. गावातले म्हणतात, दर्भाचा पुतळा करा आणि अग्नी देऊन मोकळे व्हा. मी म्हटलं, देह आहे ना माझ्या पोराचा? मग पुतळा कशाला जाळू?"

"बरोबर आहे, भाऊ. येईल. उद्या-परवा येईल."

मग एके दिवशी अर्बाबनं सोगारथला आपल्या घरी बोलावलं. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर अर्बाब बसला होता, शेजारी वजीह, आणि समोर तारानाथ ढकाल. ढकाल तिथल्या नेपाळी समाज संघाचा अध्यक्ष. डोंगराकडचा ब्राह्मण, शहरात दोन हॉटेलं, माणसं पुरवण्याचा धंदा, कोटाच्या खिशाला कायम झेंड्याची टिकली. त्याला इंग्रजी येत होतं, अर्बाबला येत नव्हतं. आणि अर्बाबला वजीहपेक्षा सोगारथच्याच तोंडून ऐकायला आवडायचं.

"यांना सांग," ढकाल म्हणाला, "आमचे मंत्रीसाहेब इथं येतायत. कामगारांचा नवा करार व्हायचाय. आणखी हजारो पोरांना काम मिळेल. अशा वेळी आपल्या विमानतळावर यांच्या कंपनीची पेटी उतरली, की तिकडचे पत्रकार गिधाडासारखे जमतील. मंत्र्यांना तोंड दाखवणं अवघड होईल. एवढा दौरा पार पडू दे."

सोगारथनं हे अरबीत सांगितलं. अर्बाबनं कॉफीचा पेला हलवून आता नको अशी खूण केली आणि म्हणाला, "मेलेल्याला थांबवू नये, असं आमच्यात म्हणतात."

"थंड जागेत आहे, साहेब," वजीह मधेच म्हणाला. "एक मेलेलं गाढव. त्याला काय घाई?"

अर्बाबनं त्याच्याकडं नापसंतीनं पाहिलं. पण मग ढकालकडं वळून मान हलवली. पाहुण्याची अडचण त्याला समजली होती, आणि नव्या करारातली माणसं त्यालाही हवीच होती.

"मुदीर काय म्हणाले?" ढकालनं विचारलं.

सोगारथ म्हणाला, "देह नीट जपलाय, म्हणतायत."

बाहेर पडताना ढकालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू जुना माणूस. तुमची मधेशी, तराईतली पोरं जरा भडक डोक्याची. तू सांभाळून घे. देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

'तुमची' हा शब्द सोगारथच्या कानाला लागला. काठमांडूत याच ढकालच्या जातभाईंनी त्याला 'ए धोती' म्हणून हिणवून हाक मारलेली त्याला आठवत होती. इथं मात्र इभ्रत दोघांची एक. पण तो 'हो, सर' म्हणाला. कॅम्पात येऊन जोगिंदरला म्हणाला, "सहीसाठी अडलंय म्हणे. होईल."

ते फार दिवस टिकलं नाही. ऑफिसात चहा नेताना मोफज्जलनं वजीहला फोनवर बोलताना ऐकलं. संध्याकाळी कॅम्पाच्या स्वयंपाकघरात सोगारथ आमटी ढवळत होता, पलीकडं जोगिंदर कांदा चिरत होता. मोफज्जल आत आला आणि सरळ म्हणाला, "सोगारथभाई, तुमचा मंत्री परत जाईपर्यंत पोराला बर्फात ठेवणार आहेत, हे खरं का?"

सोगारथचा डाव आमटीत थांबला. "कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं ते सोड. तुला माहीत होतं का?"

सोगारथनं शेगडी बारीक केली. एवढं उत्तर पुरेसं होतं. जोगिंदरनं सुरी खाली ठेवली.

"त्या दिवशी अर्बाबकडं गेला होतास ना? तिथंच ठरलं?"

"जोगिंदर, ऐक माझं. मी म्हटलं, उगाच तुम्ही भडकाल, काहीतरी होऊन बसेल..."

"माझी बहीण तिकडं ना सधवा ना विधवा होऊन बसलीय," जोगिंदर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळंच सोगारथला भीती वाटली. "आणि तू आम्हाला दुधाची बाटली देऊन निजवतोयस होय रे, काका?"

दुसऱ्या दिवशी पहाटे बसगाड्या लागल्या आणि कोणी चढलं नाही.

आरडाओरडा नव्हता. मधेशी, डोंगरी, बांगलादेशी, सगळे फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत उकिडवे बसले होते. कोणी दात घासत होतं, कोणी तंबाखू मळत होतं. वजीह आला, ओरडला, निघून गेला, पुन्हा आला. उन्हं वर आल्यावर कामगार खात्याची गाडी आली आणि तिच्या मागं पोलिसांच्या दोन. अधिकारी तरुण होता. शुभ्र पेहराव, अत्तराचा वास, बोलणं मऊ. त्यानं सोगारथला स्वतःच्या आणि माणसांच्या मधे उभं केलं.

"विचार त्यांना, काय हवंय."

जोगिंदर उभा राहिला. "सांग त्याला. बेचनला उन्हानं मारलं. डॉक्टर काय म्हणतो ते आम्हाला सांगू नका, आम्ही त्याच मजल्यावर होतो. त्याला आजच्या आज घरी पाठवा. आणि दुपारी त्या काचेच्या मजल्यावर आम्ही पाय ठेवणार नाही. मग मंत्री येवो नाहीतर देव."

सोगारथच्या जिभेवर वाक्य आयतं तयार होतं: साहेब, पोरं दुःखात आहेत, थोडी दया करा. इतक्या वर्षांची सवय. पण त्याच्या डोळ्यांपुढं बेचन आला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतणारा. 'जरा थकलाय' असं आपण म्हणालो होतो. अंधारी येते म्हणाला होता पोरगा, गोळे येतात म्हणाला होता. आपण म्हणालो, जरा थकलाय.

त्यानं जोगिंदरचा शब्द न् शब्द अरबीत सांगितला. मंत्र्याचासुद्धा.

अधिकाऱ्यानं भुवया उंचावून वजीहकडं पाहिलं. वजीहनं मान वळवली. "ठीक आहे," अधिकारी म्हणाला. "पण जमावाशी बोलता येत नाही. त्यांना सांग, तुमच्यातले चार-पाच जण पुढं या. सावलीत बसू, शांतपणे बोलू."

तेवढ्यात वजीह त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "पुढं येतील त्यांनाच गाडीत घाला. बाकीचे मेंढरांसारखे चढतील बसमध्ये. आल्यांना आजच्याच विमानानं घालवून देऊ." अधिकारी हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

मधे उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडचं ऐकू येतं. सोगारथ समोर वळला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, आणि मोफज्जल तर चप्पल पायात सरकवून उठायच्या बेतात होता.

"साहेब म्हणतायत," सोगारथ म्हणाला, "चार-पाच जण पुढं या, बोलू. आणि मुदीर त्यांच्या कानात म्हणाले, पुढं येतील त्यांना गाडीत घाला, आजच्या विमानानं घालवून देऊ. यावर साहेब काही बोलले नाहीत." हेच त्यानं हिंदीतही सांगितलं, म्हणजे बांगलादेशी आणि डोंगरी पोरांनाही कळावं.

आता दगड उचलतील, असं त्याला वाटलं. इतकी वर्षं त्याला हीच भीती होती: खरं सांगितलं की आग लागेल. त्यानं डोळे मिटून घेतले.

आग लागली नाही. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा समोर सगळी डोकी खाली होती. कोणी जमिनीवर रेघा ओढत होतं. कोणाची बहीण लग्नाची होती, कोणाचं घर अर्धवट बांधून उभं होतं, कोणाला येऊन वर्षही झालं नव्हतं. प्रत्येकजण मनात आपलं घर पाहत होता.

पहिला उठला मोफज्जल. तो सोगारथच्या जवळून गेला तेव्हा हळूच म्हणाला, "तू हे सांगितलं नसतंस, तर मी पुढं गेलो असतो रे." त्याचे डोळे भरले होते. तो बसमध्ये चढला. त्याच्यामागून दोघे, मग पाच, मग सगळी रांग. मेंढरांसारखी, वजीह म्हणाला होता तशीच.

मोकळ्या जागेत जोगिंदर एकटा उरला. त्यानं तळहातावरची तंबाखू शांतपणे मळली, ओठांत धरली, हात झटकले आणि पोलिसांच्या गाडीकडं चालत गेला. मागं वळून त्यानं पाहिलं नाही.

बस निघून गेल्यावर वजीह सोगारथपुढं येऊन उभा राहिला. त्याला हवं ते मिळालं होतं, पण तो चक्रावला होता. "काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही बोललात ते."

"काय काय?"

"सगळं."

वजीहच्या डोक्यात काहीतरी लखकन आलं असावं. "आणि इतके दिवस? रोज पहाटे माझ्या वडिलांना आयुष्य मागायचे, ते?"

"तुमच्या वडिलांना पाटी उचलायला आणा, असं म्हणायचे," सोगारथ म्हणाला.

थप्पड इतकी जोरात बसली की पांढरं हेल्मेट दूर जाऊन पडलं. सोगारथनं ते उचललं नाही. आपण होऊनच तो जोगिंदरच्या गाडीत जाऊन बसला, आणि कोणी त्याला उतर म्हणालं नाही.

'आजच्या विमानानं' हे काही खरं नव्हतं. हाकलून द्यायच्या माणसांना ठेवायची एक लांबलचक खोली होती, तिथं दोघांना कितीतरी दिवस बसवून ठेवलं. आजूबाजूला सुदानी, पाकिस्तानी, फिलिपिनो, नाना भाषांचे लोक. कोणी पळून गेलेला, कोणाचा व्हिसा संपलेला. जोगिंदर भिंतीकडं तोंड करून निजायचा. सोगारथनं आणलेलं पाणी प्यायचा, पण बोलायचा नाही.

शेवटी एकदा सोगारथनंच विचारलं, "मी चुकलो का रे? गोड बोललो असतो तर तू, मोफज्जल, आणखी दोघं-चौघं इथं असता. फसवून आणलेले."

"चार जण असतो तर चार जण असतो," जोगिंदर भिंतीकडंच बोलला. "एकटा नसतो."

"मी खरं सांगितलं."

"सांगितलंस. ज्या दिवशी पोरं उठली होती, नेमका त्या दिवशी तुला खऱ्याचा पुळका आला. अर्बाबकडून आलास त्या दिवशी का नाही सांगितलंस? तेव्हा आम्ही संतापलो असतो. आता घाबरलो." त्यानं चादर खांद्यावर ओढली. "आयुष्यभर भात मऊ शिजवून घातलास, काका, आणि ज्या दिवशी दात हवे होते त्या दिवशी म्हणालास, चावा."

मग सोगारथनं दुसरी गोष्ट सांगितली, जी त्यानं कोणालाच सांगितली नव्हती: काचेच्या मजल्यावर बेचन काय म्हणाला होता आणि आपण वजीहला काय सांगितलं. जोगिंदर उठून बसला. मारील असं वाटलं, पण मारलं नाही. फक्त पाण्याची बाटली त्याच्याकडं सरकवून पुन्हा भिंतीकडं वळला, आणि त्यानंतर त्यानं सोगारथच्या हातचं पाणी घेतलं नाही.

काठमांडूच्या विमानतळावर उतरले तेव्हा टीव्हीवर मंत्रीसाहेब दिसत होते. गळ्यात हार, शेजारी ढकाल, दोन्हीकडं झेंडे. करार झाला होता. बेचन अजून आला नव्हता.

जोगिंदर तिथंच थांबला, पेटी येईपर्यंत. सोगारथ एकटा गावी आला आणि घरी पिशवी टेकवून, बायकोशी चार शब्द बोलून, कालवा ओलांडून बिल्टूच्या अंगणात गेला. म्हातारा मासे धरायचं जाळं दुरुस्त करत बसला होता. सून ओसरीच्या कोपऱ्यात, पदर पुढं ओढलेला. सोगारथला पाहून बिल्टू उठला, आत बघून म्हणाला, "पाणी आणा रे, सोगारथ बाबू आले."

सोगारथनं पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मंत्र्यासाठी पेटी थांबवली ते, रोज फोनवर उद्या-परवा म्हणालो ते खोटं होतं ते, आणि काचेच्या मजल्यावरचं. काही मऊ केलं नाही. बोलताना त्याला जाणवलं की आपल्याच भाषेत हे सांगणं अरबीपेक्षा कठीण आहे.

बिल्टूची बोटं जाळ्याच्या गाठीवर थांबली होती. कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला आणि बंद झाला.

"तू नीट सांगितलं असतंस, तर सोडला असता त्यानं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही माहीत. कदाचित नसता सोडला."

"पण माझ्या पोराचं म्हणणं तरी पोचलं असतं."

"हो."

बिल्टूनं मान हलवली. जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. सोगारथ निघून आला.

मंत्रीसाहेब परतले त्या आठवड्यात पेटी आली. जोगिंदरनं ती काठमांडूहून बर्दिबासच्या रस्त्यानं एका पिकअप गाडीवर आणली. पेटी उघडू नका, असं सगळ्यांनी सांगितलं; बिल्टूनं उघडली. कमलाच्या वाळूवर चिता रचली. सोगारथ लांब, उंच गवतापाशी उभा होता. कोणी त्याला जवळ बोलावलं नाही, कोणी हाकललंही नाही. सुनेच्या बांगड्या फोडल्या तो आवाज वाऱ्यावर तिथपर्यंत आला.

पावसाळा गेला, धान कापून झालं. सोगारथनं बापाचा शेताचा तुकडा पुन्हा कसायला घेतला. जोगिंदर समोरून आला तर वाट सोडायचा, बोलायचा नाही. असाच एक दिवस संध्याकाळी बिल्टू त्याच्या दारात आला. बरोबर त्याचा धाकटा मुलगा रामउद्गार. भावासारखाच दांडगा, नजर खाली.

"याचं ठरलंय," बिल्टू म्हणाला. "नव्या करारात जनकपूरकडची बरीच पोरं घेतायत. तिकडंच. मी नको म्हटलं, याची आई नको म्हणाली. ऐकत नाही."

"इथं काय करू, काका?" रामउद्गार पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला. "वहिनी आहे, आई आहे. जाळ्यात मासे तरी कुठं येतात आता?"

सोगारथनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. "मी काय सांगू याला? जाऊ नको म्हणू?"

"ते म्हणू नकोस. ते मी म्हटलंय." बिल्टू ओट्यावर टेकला. "तू याला त्यांची भाषा शिकव. तिथं गेल्यावर याच्या आणि त्यांच्यामधे कोणी उभं राहायला नको."

सोगारथच्या बायकोनं आतून दोन पाट आणून ठेवले. सोगारथ रामउद्गारसमोर मांडी घालून बसला. एरवी कोणालाही अरबी शिकवताना तो सलामापासून सुरुवात करायचा. मालकाला कसं अभिवादन करायचं, आभार कसे मानायचे.

"अना दायिख," तो म्हणाला. "म्हण. मला चक्कर येतेय."

"अना दायिख."

"पुटपुटू नकोस. समोरच्याला ऐकू गेलं पाहिजे. आता म्हण, मा अगदर. माझ्यानं होत नाही."

"मा अगदर."

"पुन्हा."

रामउद्गार पुन्हा म्हणाला. आवाज अजून दबका होता. सोगारथ त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता, आणि ओट्यावर बसलेला म्हातारा अंधारात ओठ हलवून तेच शब्द स्वतःशी म्हणत होता.